बाल्कनीतलं ते पोळं खरंच 'यलो जॅकेट'चं आहे का? वसई-विरारकरांनो, फवारा मारण्याआधी हे वाचा

नालासोपाऱ्यातल्या बाल्कनीत किंवा वसईच्या एखाद्या वाडीत पिवळ्या-काळ्या माश्यांचं पोळं दिसलं की आधी फोटो निघतो, मग मोबाइलवर शोध. उत्तर येतं 'यलो जॅकेट'. त्याखालचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

यलो जॅकेट म्हणजे व्हेस्पुला गटातल्या गांधीलमाश्या. भारतात त्या हिमालयाच्या पट्ट्यात आढळतात, कोकण किनाऱ्यावर नाही. मग वसईत दिसते ती कोण?

माशीपेक्षा घरटं पाहा. यलो जॅकेटचं घरटं बहुधा जमिनीत असतं आणि त्यावर कागदी वेष्टण असतं. इथे मात्र छपराखाली बारीक देठाला लटकलेलं, उघड्या घरांचं राखाडी घरटं दिसतं. लाकडाचे धागे चावून गांधीलमाशी हा कागद बनवते. भिंतीला मातीचा गोळा चिकटलेला असेल तर ती कुंभारीण. एकटी राहते, सहसा अंगावर येत नाही. मोठी, काळी, पोटावर एकच पिवळा पट्टा असलेली दिसली तर ती व्हेस्पा ट्रॉपिका. लहान गांधीलमाश्यांच्या घरट्यांवर धाड घालून ती अळ्या पळवते. तिच्यापासून लांबच राहा. आणि उंच इमारतीच्या सज्जाखाली लोंबणारं एकच भलंमोठं पोळं म्हणजे आग्या मोहोळ. तिथे दगड नको, धूरही नको.

'थंडीपर्यंत थांबा, पोळं आपोआप संपेल' हा परदेशी सल्लाही इथे चालत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं अभ्यासलेली 'रोपालिडिया मार्जिनाटा' ही गांधीलमाशी वर्षभर घरटी चालवते. गंमत म्हणजे तिची राणी इतकी शांत असते की चटकन ओळखूच येत नाही. राणी गेली की एक कामकरीण एकदम आक्रमक होते आणि काही दिवसांत तीच राणी बनते. म्हणजे राणी मारली की काम झालं, असंही नाही.

या माश्या पिकांवरच्या अळ्या खातात, त्यामुळे वाडीच्या कोपऱ्यातलं घरटं राहू दिलेलंच बरं. दाराशीच असेल तर जाणकाराला बोलवा. रॉकेल आणि पेटता बोळा नको. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते, गांधीलमाशीची नाही, त्यामुळे एकच माशी अनेकदा डंख मारू शकते. साध्या सुजेला बर्फ पुरतो. मात्र श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तर लगेच १०८ ला फोन करा.