सागर आहे, समुद्र नाही

भाचा लहानपणी नांदेडहून पहिल्यांदा हैदराबादला आला, तो विचारतच, "मामा, समुद्र कुठाय?" हुसेनसागर हे नाव त्यानं ऐकलेलं. टँकबंडवर नेलं. पलीकडचा काठ दिसला आणि पोरगं हिरमुसलं.

खरंच, या शहरात समुद्र नाही, सागर आहेत. तेही माणसानं बांधलेले. हुसेनसागर सोळाव्या शतकातला, कुतुबशाहीचा. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी कोपली, हजारो माणसं गेली. अफजलगंजच्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जण वाचले, असं सांगतात. मग विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानं पुराला बांध घालायचं ठरलं. उस्मानसागर १९२०मध्ये झाला, हिमायतसागर १९२७मध्ये.

पुढं शहर वाढलं आणि आपण तळ्यांच्या पोटातच घरं बांधली. ऑक्टोबर २०२०च्या पावसात पाणी आपली जुनी जागा शोधत आलं. आमच्या तळमजल्यावर गुडघाभर होतं. भिंतीवरची ओल अजून जात नाही.

तोच भाचा आता नोकरीसाठी इथं येतोय. त्याला म्हटलं, "बाबा, भाडं नंतर विचार. आधी गल्लीतल्या म्हाताऱ्याला विचार, इथं पूर्वी तळं होतं का?"