बैठकीच्या आधी

रुक्मिणी रुसली आणि द्वारका सोडून पंढरपूरजवळच्या दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत देव आला आणि इथलाच झाला. ही कथा आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या घराघरांत सांगितली जाते. तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: देव स्वतः आला. त्यानं तिच्या माहेरी निरोप धाडला नाही की मध्यस्थ पाठवले नाहीत. पंढरीत आजही रुक्मिणीमातेचं मंदिर वेगळं आहे. विठोबाच्या पायावर डोकं ठेवून वारकरी तिच्याकडे जातो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. देवाच्या घरचा रुसवा आपण इतक्या प्रेमानं सांभाळतो. स्वतःच्या घरचा रुसवा मात्र आपण दडवतो.

नवरा-बायकोचं बिनसलं, की सोलापुरात आधी बराच काळ काहीच होत नाही. ‘भांड्याला भांडं लागायचंच’ म्हणून दिवस जातात. मग एखाद्या सणाला माहेरी आलेली मुलगी परत जात नाही. ‘राहू दे चार दिवस’ म्हणता म्हणता चार महिने होतात आणि बैठक बसते. मामा, चुलते, समाजातली दोन वजनदार माणसं, चहाचे कप. दोन्हीकडच्या तक्रारी मांडल्या जातात, चूक कुणाची ते ठरतं, कुणी तरी कुणाच्या तरी पाया पडतं आणि ‘झालं गेलं विसरा, पोरीला नांदायला पाठवा’ असा निकाल होतो. त्या तीन तासांत सगळे बोलतात. ज्यांचा संसार आहे ती दोघं जवळजवळ गप्प असतात.

दुसऱ्याच्या घरासाठी रात्र रात्र जागलेल्या वडीलधाऱ्यांविषयी मनात आदर आहे. त्यांनी कितीतरी घरं सावरली. पण बैठकीला दोषी हवा असतो, आणि एक दोषी ठरला की दुसऱ्याचं स्वतःकडे पाहणं थांबतं. शिवाय तिथं बोललेलं गल्लीभर होतं, म्हणून खरं दुखणं तिथं निघतच नाही. अंथरुणातला दुरावा, दारू, कर्ज, मूल न होण्याचं दुःख हे मामांसमोर कोण सांगेल?

बैठक फसली की पोलिस ठाणं, वकील, कौटुंबिक न्यायालय. 1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावरच टाकली आणि त्यासाठी समुपदेशकाची तरतूद केली. ही फार चांगली सोय आहे. पण तिथं पोचेपर्यंत पोटगीचा अर्ज झालेला असतो आणि एकमेकांवरचे आरोप कागदावर उतरलेले असतात. जोडप्यानं समुपदेशकासमोर पहिल्यांदा बसायचं ते न्यायालयात, ही आपल्या समाजाची मोठी उणीव आहे. हा अंक त्या उणिवेसाठी काढला आहे.

जोडप्यांचं समुपदेशन म्हणजे शांतपणे घेतलेली बैठक नव्हे. समुपदेशक निकाल देत नाही. बहुधा तो दोघांना एकत्र भेटतो, मग एकेकट्याला, मग पुन्हा एकत्र. त्याचं लक्ष माणसांपेक्षा त्या दोघांमध्ये पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीकडे असतं.

आपल्या ओळखीचंच चित्र घेऊ. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येणारा. बायको आठवडाभर सासू-सासरे, मुलांच्या शाळा आणि घरचा पैशाचा मेळ एकटीनं सांभाळणारी. तो आला की ती साठवलेलं सगळं बोलू लागते. दमलेल्या त्याला तो हल्ला वाटतो, तो मोबाइलमध्ये डोकं घालतो. तो गप्प झाला की तिचा आवाज चढतो, आवाज चढला की तो गच्चीवर निघून जातो. ती म्हणते, ‘यांना माझी किंमतच नाही.’ तो म्हणतो, ‘घरी आलं की कटकट.’ दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. समुपदेशक तिला थांबवत नाही आणि त्याला रागावत नाही. तो हे चक्र दोघांना दाखवतो. तिच्या आवाजाखाली ‘मी एकटी पडलेय’ आहे आणि त्याच्या गप्प बसण्याखाली ‘मी कुठंच पुरा पडत नाही’ आहे, हे एकमेकांच्या तोंडून ऐकायला मिळणं हाच या उपचाराचा गाभा. स्यू जॉन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980च्या दशकात कॅनडात याच पायावर आपली पद्धत उभी केली. वादांचं चित्रण करून वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या जॉन गॉटमन यांना अमेरिकेत असं आढळलं, की नात्याला सर्वाधिक घातक असतो तो तिरस्कार, म्हणजे जोडीदाराला तुच्छ लेखणं. बरेचसे वाद तर कधीच मिटत नाहीत, असंही ते सांगतात. सुखी जोडप्यांचेही नाहीत. त्यांना ते वाद न दुखावता घालता येतात, एवढाच फरक.

हा रामबाण उपाय नव्हे. लॉस एंजेलिस आणि सिअॅटलमधल्या, संसार खूपच विस्कटलेल्या 134 जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला. उपचारानंतर पाच वर्षांनी पाहिलं, तर सुमारे निम्म्यांच्या नात्यात ठळक सुधारणा टिकून होती आणि चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक जोडपी विभक्त झाली होती. मला हे आकडे आशेचे वाटतात. इतक्या उशिरा आलेल्यांतले निम्मे सावरले, तर वेळेवर येणाऱ्यांचं काय होईल! आणि जे वेगळे झाले त्यांनाही अपयशी म्हणायला मी तयार नाही. मुलांसमोर एकमेकांचा मान राखून वेगळं होता येणं हीसुद्धा समुपदेशकाच्या खोलीतच शिकण्याची गोष्ट आहे.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट लिहिली पाहिजे. जिथं मारहाण आहे, धमकी आहे, भीती आहे, तिथं दोघांना शेजारी बसवून ‘तुमचं काय चुकलं’ विचारणं हा अन्याय आहे. घाबरलेली बाई नवऱ्यासमोर खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजेल. तिथं आधी तिची सुरक्षितता. 2005चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे, 181 ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. अशा घरात पोरीला ‘नांदायला’ पाठवणाऱ्या बैठका आता थांबल्याच पाहिजेत.

सोलापूरची स्वतःची एक गरज आहे, ती पुण्या-मुंबईकडे पाहून कळणार नाही. हे शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दूत जगतं. पूर्वभागातली विडी कामगार बाई बाजारात मराठी बोलते, पण नवऱ्याशी भांडते तेलुगूत आणि रडतेही तेलुगूतच. तिला परक्या भाषेत मन मोकळं करायला सांगणं म्हणजे अर्धं दुखणं बाहेरच ठेवायला सांगणं. शिवाय आठवड्याचा एक तास म्हणजे तिच्या कितीतरी विड्या, म्हणजे मजुरी. म्हणून समुपदेशक तिच्या वस्तीत, तिच्या भाषेत, कमी खर्चात भेटायला हवा. आपल्याकडे मानसशास्त्र शिकलेली, घरात तेलुगू-कन्नड बोलणारी मुलं-मुली आहेत. महापालिकेनं, समाजाच्या संस्थांनी, कारखानदारांनी त्यांना उभं करावं. तोवर डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग आहे, आणि 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत बोलता येतं.

मराठी नियतकालिकांना हे काम नवं नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. दवाखान्यातही विचारता न येणारे प्रश्न लोक त्यांना पत्रानं विचारत आणि ते आडपडदा न ठेवता उत्तर देत. त्यासाठी त्यांनी खटले सोसले. एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुण्यात विद्या बाळ यांच्या नारी समता मंचानं बायकांसाठी ‘बोलते व्हा’ हे केंद्र चालवलं, आणि पुढं पुरुषांनाही बोलायला जागा हवी हे ओळखून पुरुष संवाद केंद्र काढलं. पुरुषाला मदत मागायला लाज वाटते, आणि त्या लाजेपायी किती संसार मोडतात, याकडे या अंकातले लेख मुद्दाम वळले आहेत.

आता दिवाळी सरेल, तुळशीची लग्नं लागतील आणि मंगल कार्यालयांच्या तारखा सुरू होतील. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना एक विनंती आहे. बस्ता, मानपान, आचारी यांच्या यादीत मुला-मुलीसाठी समुपदेशकाकडच्या दोन भेटी घाला, आणि त्या वेळी आपण वडीलधाऱ्यांनी बाहेर थांबा. पगार कुणाच्या हातात राहील, पुण्यात राहायचं की सोलापुरात, तिच्या आई-वडिलांचं म्हातारपण कोण पाहणार, मूल कधी, राग आला की कोण काय करतं, हे त्यांना अक्षता पडण्याआधी एकमेकांना विचारू द्या.