‘सराईत’ हा शिक्का कोणी मारला?

सराईत गुन्हेगार आणि त्याचे कुटुंब यांच्यावर माहितीपट निघतो, तेव्हा प्रेक्षकाला बहुधा दोन गोष्टी हव्या असतात : गुन्ह्याची सुरस कथा आणि बायकामुलांचे अश्रू. शाश्वती तालुकदार व केरिम फ्रीडमन यांच्या २०११ च्या ‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ या माहितीपटाने तिसरी गोष्ट दाखविली. अहमदाबादच्या छारानगरातील नाटक करणारी तरुण मुले आपल्या घरांतील चोरी लपवीत नाहीत. पण जन्मतःच कपाळी आलेल्या शिक्क्याचा जाबही विचारतात.

या मुलांच्या ‘बुधन थिएटर’ने रंगमंचावर आणलेला एक मृत्यू आपल्या दाराशी घडलेला आहे. ८ जून १९९८ रोजी पिन्या हरी काळे हा पारधी बारामतीत पोलीस कोठडीत मरण पावला. लासुर्ण्याहून बारामती कितीशी दूर? आपल्या माणसाचे मरण छारांनी आपले मानले. ऊसपट्ट्यातील आपण ते कितपत आठवणीत ठेवले?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगार ठरविला. माणसाबरोबर त्याची बायको व मुलेही नोंदवहीत गेली. हजेरी आणि सेटलमेंटचे कुंपण नशिबी आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पुढे आलेला १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा व्यक्तीला वारंवार झालेल्या शिक्षा मोजतो, जात मोजत नाही. व्यवहारात मात्र चोरी झाली की पहिली धाड पालावरच पडते.

आम्ही चोरीचे उदात्तीकरण करीत नाही. ज्याची शेळी जाते तो शेतमजूरही गरीबच असतो, आणि त्याला न्याय हवाच. परंतु गुन्हा सिद्ध करायचा तो न्यायालयात, एकेका व्यक्तीवर. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेद घटनाबाह्य ठरविला आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असेही बजावले.

निकाल आपोआप पालापर्यंत पोहोचत नाही. पिन्या काळेच्या मृत्यूपूर्वी दीड वर्ष, १८ डिसेंबर १९९६ रोजी, याच न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात सांगितले होते की, अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबीयाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी आणि आप्तांना अटकेची खबर दिली पाहिजे. ती ‘प्रतिष्ठित व्यक्ती’ आपला कार्यकर्ता का असू नये?

रात्री पालावरून माणूस उचलला गेला, तर पहाटेपूर्वी ठाण्यात जाऊन उभे राहावे. चोवीस तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेले की नाही, हे पाहावे. त्याच्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढेपर्यंत पाठ सोडू नये. बापाचे नाव पोलिसांच्या वहीत असेल. मुलाचे नाव कोणत्या वहीत जावे, हे ठरविणे आपल्याही हाती आहे.