शिक्षकाच्या खिशांतील पिस्तूल

परवानाधारकास गुप्तपणें पिस्तूल बाळगून शाळेंत वावरूं द्यावें, असा पक्ष अमेरिकेंत मोठ्या हिरीरीनें मांडला जातो. युटा राज्यांत ही मुभा आहेच. टेनेसीनें २०२४ सालीं ती शिक्षकांस दिली, आणि कोणाजवळ पिस्तूल आहे हें पालकांस कळूं नये अशीही तजवीज केली!

सज्जनाच्या हातीं शस्त्र असलें कीं दुर्जनास पायबंद बसतो, हें या पक्षाचें मुख्य प्रतिपादन. मग युवाल्डीस काय झालें? टेक्सासमधील त्या गांवच्या शाळेंत २४ मे २०२२ रोजीं एकोणीस मुलें व दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तेथें ३७६ सशस्त्र अधिकारी जमले. मारेकऱ्यास गांठण्यास त्यांस ७७ मिनिटें लागलीं. यावर प्रतिपक्षी म्हणतात, पोलीस कचरतात म्हणूनच शिक्षक सज्ज हवा! शस्त्र हाच ज्यांचा पेशा ते जेथें कचरले, तेथें वर्षाकांठीं चाळीस तासांच्या तालमीवर (टेनेसीचा कायदा तेवढी मागतो) भूगोलाच्या मास्तरांनीं अचूक नेम धरावा काय? शिवाय धांवत आलेल्या पोलिसानें दोन पिस्तूलधाऱ्यांतला मास्तर कोणता हें कसें ओळखावें?

आमचा खरा आक्षेप मात्र हल्ल्याच्या दिवसाबद्दल नाहीं. उरलेल्या साऱ्या दिवसांबद्दल आहे. पिस्तूल कपाटांत कुलुपबंद ठेवावें, तर ऐन वेळीं निरुपयोगी. अंगावर बाळगावें, तर मुलांच्या गराड्यांत तें रोज भरलेलें वावरणार. चष्मा वर्गांत विसरून येणारे विद्वान सहकारी आम्हीं जन्मभर पाहिले आहेत. तशांच्या खिशांत पिस्तूल असावें, आणि मुलांच्या आईबापांस तें ठाऊकही नसावें, ही व्यवस्था आम्हांस मान्य नाहीं.