एकट्या बलवानाचा भरवसा

१९९६ साली जपानात ‘पोकेमॉन’ हा व्हिडिओ गेम निघाला. लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद असलेल्या सातोशी ताजिरी यांची ही कल्पना. या खेळात नाना प्रकारचे काल्पनिक प्राणी पकडावयाचे, वाढवावयाचे आणि त्यांतील सहा सोबत घेऊन प्रतिस्पर्ध्याशी झुंजावयाचे असते.

पुष्कळ मुले एकाच आवडत्या प्राण्याचे बळ वाढवीत बसतात व इतरांची उपेक्षा करतात. हे शहाणपणाचे नव्हे. अग्नीचा प्राणी गवताच्या प्राण्याला सहज जिंकतो. परंतु तितक्याच बळाच्या पाण्याच्या प्राण्यापुढे तो थिटा पडतो. आणि त्या पाण्याच्या प्राण्याला नमवितो, तो गवताचाच! काल ज्याला दुबळा म्हटले, तोच आज संघाला तारतो.

वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. पाऊस दरवर्षी सारखा नसतो. म्हणून तो सोयाबीनमध्ये तुरीच्याही ओळी पेरतो. सोयाबीन लवकर हाती येते. तूर खोल मुळांच्या आधारावर पुढे टिकून राहते.

मुलांनो, प्रतिस्पर्धी कोण हे आधी ओळखावे आणि आपल्या संघातील कोणालाही निरुपयोगी समजू नये. खरी तयारी ती हीच.