चाक सोडल्यावर

मोटारींच्या शर्यतीवर लेख, आणि तोही कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात, हे पाहून काही वाचक नाक मुरडतील. "क्रीडा विभागाच्या पानांत टाकू या," असे संपादक मंडळातल्या एका मित्राने सुचवलेही. पण मला लिहायचे आहे ते शर्यतीविषयी कमी, आणि शर्यतीतून बाजूला झालेल्या माणसांविषयी अधिक. अमेरिकेत ‘नॅस्कार’ ह्या संस्थेतर्फे स्टॉक कारच्या शर्यती होतात. त्यांत गाडी चालवणारे काही जण एक दिवस चाक सोडतात आणि प्रेक्षागाराच्या छतावर जाऊन उभे राहतात. त्यांना स्पॉटर म्हणतात. हा माणूस वर चढला की खाली उतरला, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात मिळणारी साधी मोटार. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात चोरटी दारू वाहून नेणारी पोरे पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून आपल्या गाड्यांची इंजिने जोरकस करून घेत. मग कोणाची गाडी अधिक पळते यावर पैजा लागत. ज्युनिअर जॉन्सन हा विख्यात चालक बापाच्या दारूभट्टीपायी १९५६ साली दोषी ठरून तुरुंगात गेला होता. त्याला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८६ साली माफी दिली. अशा ह्या बेबंद मंडळींना बिल फ्रान्स नावाच्या माणसाने शिस्त लावली. १९४७ च्या डिसेंबरात त्याने डेटोना बीच येथील एका हॉटेलात सर्वांना जमवले, आणि १९४८ साली नॅस्कारची स्थापना झाली. आज ह्या गाड्या दुकानातल्या राहिलेल्या नाहीत. नाव शेव्हर्ले, फोर्ड किंवा टोयोटा. बाकी सारे शर्यतीसाठीच घडवलेले.

१९५९ साली सुरू झालेला डेटोनाचा मार्ग अडीच मैलांचा आहे आणि त्याची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. अशा मार्गावर चाळीस गाड्या एकमेकींच्या शेपटाला नाक लावून, दोन-दोन, तीन-तीनच्या रांगांनी धावतात. ताशी १९० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ८५ मीटर. आपल्या महाविद्यालयाचे क्रीडांगण ही गाडी एका श्वासात ओलांडील आणि दुसऱ्या श्वासाला आपल्या दृष्टीआड झालेली असेल.

ह्या वेगात चालकाला दिसते किती? समोरच्या गाडीची पाठ. डोक्यावरच्या आरशात मागच्या गाडीचे तोंड. बाजूला जवळजवळ काहीच नाही. ह्यामागे एक दुःखद इतिहास आहे. २००० साली ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन चालक मरण पावले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० शर्यतीच्या अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट याची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. अर्नहार्ट म्हणजे सात वेळचा विजेता. त्या खेळातला बाप माणूस. अशा धडकेत धड पट्ट्यांनी जखडलेले राहते, मात्र डोके पुढे झेपावते आणि कवटीच्या तळाचे हाड मोडते. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिरस्त्राण खांद्यांवरच्या जोखडाला बांधून ठेवणारे साधन सर्व चालकांना सक्तीचे झाले. पुढे आसनेही डोक्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी आली. ह्यामुळे माणसे वाचली. पण मान वळेनाशी झाली. जीव राखण्याची किंमत नजरेने मोजावी लागली, आणि ती गेलेली नजर छतावरच्या माणसाकडे आली. स्पॉटर त्याआधीही होते. पण त्यांच्यावाचून चालणार नाही हे त्यानंतर कोणालाच नाकारता येईना.

तो काय करतो? कानाला बिनतारी यंत्र, हातात दुर्बीण, आणि डोळे आपल्या एकाच गाडीवर. "आत आहे." "बाहेर आहे." "अजून आहे… दाराशी आहे… मागच्या चाकाशी…" आणि मग "मोकळं!" असे म्हणताच चालक न पाहता गाडी शेजारच्या रांगेत घालतो. न पाहता, हे महत्त्वाचे. पुढे अपघात झाला, धुराने मार्ग दिसेनासा झाला, तर "वर जा" की "खाली जा" हे तोच सांगतो. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त शार्लटला असतो. त्या शहराच्या आसपासच बहुतेक संघांच्या कार्यशाळा आहेत. तो एकदा शर्यतीला गेला आणि तेथे भाड्याने मिळणारे यंत्र कानाला लावून बसला. ह्या यंत्रावर प्रेक्षकांनाही चालक आणि स्पॉटर यांचे बोलणे ऐकता येते. तो मला म्हणाला, "अरे, तीन-साडेतीन तास तो माणूस एकाच पट्टीत बोलत होता. गाडी भिंतीला घासली तेव्हासुद्धा आवाज चढला नाही." मला ही गोष्ट गाडीच्या वेगापेक्षाही विलक्षण वाटली. त्यानंतर मी जे मिळेल ते वाचू आणि ऐकू लागलो.

आता माणसांकडे वळू. टिम फेडेवा हा मिशिगनचा चालक. त्या काळी बुश मालिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या श्रेणीच्या मालिकेत तो तीनशेहून अधिक शर्यती धावला आणि चार जिंकला. चार हा आकडा आपल्याला क्षुल्लक वाटेल. पण शेकडो चालक आयुष्यभर धावूनही एक जिंकत नाहीत. तरीही पहिल्या श्रेणीत त्याचे बस्तान बसले नाही. पुढे तो केव्हिन हार्विकचा स्पॉटर झाला आणि त्या कामात त्याचे नाव पहिल्या काही जणांत घेतले जाऊ लागले. २०२३ चा हंगाम संपताच हार्विक निवृत्त झाला, तेव्हा रायन ब्लेनी ह्या नुकत्याच अजिंक्य ठरलेल्या तरुणाच्या संघाने फेडेवाला घेतले. चालक निवृत्त झाला, त्याचे डोळे मात्र कामावर राहिले!

कोलमन प्रेस्लीचे वडील रॉबर्ट हे पहिल्या श्रेणीत धावलेले. मुलगाही खालच्या मालिकांत धावला. वर स्थिर जागा मिळाली नाही. २०२२ आणि २०२४ साली जोई लोगानो अजिंक्य झाला तेव्हा त्याच्या कानातला आवाज ह्या कोलमनचा होता. तिसरा टी. जे. मेजर्स. त्याची आणि डेल अर्नहार्टच्या मुलाची, धाकट्या डेलची, ओळख संगणकावर शर्यती खेळताना झाली. मेजर्सही गाडी चालवणाराच. पण अखेर तो मित्राच्या गाडीसाठी छतावर गेला आणि २०१७ साली धाकटा डेल निवृत्त होईपर्यंत तेथेच उभा राहिला. २०१४ ची डेटोना ५०० धाकट्या डेलने जिंकली ती मेजर्सच्या शब्दांवर. ज्या मार्गावर बाप गेला, त्याच मार्गावर मुलाने आपली नजर दुसऱ्याच्या स्वाधीन केली, हे मला वारंवार आठवते.

आमच्या वर्गातल्या एका चर्चेत एकाने सरळ निकाल दिला : "ज्याला चालवता येत नाही तो सांगत बसतो." टाळ्याही मिळाल्या. मला हे पटत नाही. पण उलट बाजूला जाऊन ह्या बदलाला त्यागाची झूल चढवणेही मला नको वाटते. ह्या माणसांना चाक हवे होते. सुटले ते बहुधा मनाविरुद्धच सुटले. तेथे चालकाची जागा नुसत्या कौशल्यावर मिळत नाही. गाडीवर नाव रंगवून घेऊन पैसा पुरवणारा व्यापारी लागतो. तो आला की जागा, तो गेला की जागा गेली. तिशी-पस्तिशीतला कुशल माणूस असा रस्त्यावर येतो. छतावरच्या कामात चालकाचा पैसा नाही, त्याची कीर्ती तर नाहीच. पुष्कळ जण एकाच आठवड्याअखेरीस दोन-तीन मालिकांतल्या गाड्यांसाठी उभे राहून पोट भरतात. हे नुकसान खरे आहे आणि ते खरे मानूनच बोलले पाहिजे.

तरी हा माणूस खाली उतरला असे मी म्हणणार नाही. डेटोनाच्या पलीकडच्या सरळ पट्ट्यावर गाड्या असतात तेव्हा त्या छतापासून फार दूर असतात. तेथून दोन गाड्यांमधली फट दिसत नाही, त्या एकमेकींवर चिकटवल्यासारख्या वाटतात. फट आहे की नाही हे तेव्हा डोळ्यांपेक्षा अंगात मुरलेल्या अनुभवाला कळते. बाहेरून वारा कापत येणारी गाडी आपल्या गाडीला कशी ओढते, कोणता चालक वळणावर वर सरकतो, किती अंतर उरले की मागच्याला आवरता येत नाही, हे ज्याने स्वतः चाकावर भोगले त्यालाच ‘मोकळं’ हा शब्द बिनधास्त उच्चारता येतो. उत्तम स्पॉटर असेही आहेत ज्यांनी कधी शर्यत धावली नाही, हे मी नाकारत नाही. पण धावलेल्याला जे आपोआप कळते ते इतरांना वर्षानुवर्षे उभे राहून कमवावे लागते.

आणि त्याच्यापुढचा खरा पेच वेगळाच आहे. त्याच्या हातापायांना अजून गाडी चालवण्याची सवय आहे. मी असतो तर आत घुसलो असतो, मी असतो तर थांबलो असतो, हे त्याच्या मनात येतच असणार. ते जिभेवर आले की घात. खालच्या माणसाला काय आहे एवढेच हवे असते. काय करावे ते तो ठरवील. स्वतःला जे करता आले असते ते गिळून, जे दिसते तेवढेच सांगायचे. ह्यासाठी लागणारा संयम ज्याला खालचा वाटतो, त्याने एकदा मागे बसून मित्राला स्कूटर शिकवून पाहावी! पाच मिनिटांत आपला पाय आपोआप ब्रेक शोधू लागतो.

एका मित्राने स्पॉटरची तुलना नाटकातल्या प्रॉम्प्टरशी केली. अर्धीच पटली, कारण प्रॉम्प्टरच्या हातात संहिता असते. पुढचे वाक्य त्याला आधीच ठाऊक असते. दुसऱ्याला महाभारतातला संजय आठवला. ही अधिक जवळची. पण धृतराष्ट्राने संजयाचे सारे ऐकूनही युद्धाची दिशा बदलली नाही. येथे ऐकणाऱ्याचे हात त्या शब्दासरशी वळतात, आणि शब्द अर्ध्या सेकंदाने चुकला तर मागच्या वीस गाड्यांचा ढीग होतो.

२०११ साली तर गंमतच झाली. डेटोनात दोनच गाड्या चिकटून धावल्या तर अधिक वेग मिळतो असे लक्षात आले. मागच्याला पुढच्या गाडीच्या पाठीखेरीज काहीही दिसेना. तो अक्षरशः आंधळा होऊन पुढच्याला ढकलत राही. त्या वर्षीची डेटोना ५०० विसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ट्रेव्हर बेन ह्या पोराने जिंकली, आणि सगळे जग त्याच्या वयाविषयी बोलत राहिले. छतावर त्या दिवशी केवढा गलका उडाला असेल! कोणाच्या गाडीने कोणाला ढकलायचे याचे सौदे शेजारीशेजारी उभे असलेले स्पॉटरच करत होते.

२०२२ पासून नव्या गाड्यांत मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा आला. आता छतावरच्या माणसाचे काय काम, असे कोणी विचारील. पण कॅमेरा मागचे दाखवतो, बाजूला कोणी आहे का ते त्याला विचारता येत नाही. वर्षाला ३६ शर्यतींचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि नोव्हेंबरात संपतो, आणि प्रत्येक शर्यतीला ही माणसे जिना चढतातच.

शर्यतीच्या निकालाचा तक्ता मी अनेकदा पाहतो. क्रमांक, चालक, गाडी, किती फेऱ्या पूर्ण, बाहेर पडला असल्यास कारण. स्पॉटरने "मोकळं" म्हटले आणि ते मोकळे नव्हते, तर ते ‘अपघात’ ह्या एका शब्दात चालकाच्या नावापुढे लिहिले जाते. आणि त्याने पाचशे मैल एकही चुकीचा शब्द काढला नाही, तर त्याची कोठेच नोंद होत नाही. त्या तक्त्यात आणखी एक रकाना घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.