कानस सर्वांच्या हाती

मुंबई विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्या वर्षी शाखा कोणतीही असो, कार्यशाळेचा सराव असतो. वसई रोडच्या विद्यावर्धिनी महाविद्यालयात (स्थापना १९९४) संगणक शाखेच्या विद्यार्थ्यालाही कानस धरावी लागते. फिटिंगमध्ये लोखंडी पट्टी काटकोनात घासून दुसरीत बसवायची. थोडी जास्त घासली की सांधा सैल, आणि काम पुन्हा पहिल्यापासून. हात दुखतात, पण मोजमापाची किंमत पुस्तकापेक्षा इथे लवकर कळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अन्य विद्याशाखांतील खुल्या ऐच्छिक विषयांची वाट मोकळी केली आहे. वसई-विरारमधील कला-वाणिज्याच्या मुलांनाही तो सराव मिळावा. त्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शनिवारी कार्यशाळा उघडाव्यात आणि विद्यापीठाने त्याचे श्रेयांक मान्य करावेत.